न्यूरोट्रान्समीटर ओळखणारा प्रकाशीय सेन्सर-अ‍ॅरे: पहिल्या प्लेटपासून अनोळखी नमुन्यापर्यंत

डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन या दोन रेणूंमध्ये फरक आहे तो फक्त एका हायड्रॉक्सिल गटाचा, आणि नॉरएपिनेफ्रिनच्या नायट्रोजनवर एक मिथिल गट बसला की त्याचेच एपिनेफ्रिन होते. हे न्यूरोट्रान्समीटर, म्हणजे चेतापेशींमधले निरोप वाहणारे रेणू आहेत. चेतापेशी या फरकावर संपूर्ण निरोप बदलतात, पण प्रयोगशाळेतल्या रंगाच्या किंवा फ्लुओरेसन्सच्या (प्रकाश शोषून पुन्हा चमकण्याच्या) एकाच अभिक्रियेला तो फरक क्वचितच स्वच्छ दिसतो. म्हणून या क्षेत्रात एका अचूक सेन्सरचा शोध घेण्याऐवजी चार-पाच अर्धवट निवडक सेन्सर एकत्र वापरतात (यालाच सेन्सर-अ‍ॅरे म्हणतात) आणि त्या सर्वांच्या प्रतिसादांचा जो आकृतिबंध तयार होतो त्यावरून रेणू ओळखतात. नाकाचे कामही असेच चालते. १९८२ मध्ये पर्सौद आणि डॉड यांनी ‘इलेक्ट्रॉनिक नाक’ या कल्पनेने ही वाट दाखवली, आणि २००० मध्ये रॅकाव आणि सस्लिक यांनी रंग बदलणाऱ्या ठिपक्यांचा अ‍ॅरे करून ती प्रकाशीय मापनात आणली.

ही पद्धत नव्याने शिकणाऱ्याने एक गोष्ट पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावी. नमुन्यांमध्ये जो कोणता पद्धतशीर फरक असेल तो अ‍ॅरे टिपतो, मग तो फरक रेणूचा असो, क्षाराचा असो, द्रावणाच्या वयाचा असो किंवा प्लेटवरच्या जागेचा असो. संगणकाच्या पडद्यावर सहा सुटे, सुबक पुंजके दिसले म्हणजे सहा रेणू ओळखले गेले असे होत नाही. पुढच्या प्रत्येक पायरीचा उद्देश एकच आहे: नमुन्यांमधला उरलेला फरक फक्त रेणूचाच असावा.

येथे सांगितलेली कृती काचेच्या कुपीतल्या किंवा प्लेटमधल्या द्रावणांसाठी आहे. जिवंत मेंदूत डोपामिनचे स्रवणे पाहण्यासाठी जनुकीय सेन्सर किंवा डीएनएने वेढलेल्या, जवळच्या अवरक्त पट्ट्यात चमकणाऱ्या कार्बन नॅनोनलिका वापरतात. तो मार्ग वेगळा आहे आणि त्याची साधनेही वेगळी आहेत.

पहिली पायरी: रेणू निवडणे आणि उत्तरे आधी कागदावर लिहिणे

सुरुवातीला सहा रेणू पुरेसे आहेत: डोपामिन, नॉरएपिनेफ्रिन, एपिनेफ्रिन, लेव्होडोपा, सेरोटोनिन आणि गॅबा. लेव्होडोपा स्वतः न्यूरोट्रान्समीटर नसून डोपामिनचा पूर्वगामी रेणू आहे, पण रचनेने तो इतका जवळचा आहे की त्याच्याशिवाय केलेली चाचणी सोपी होऊन बसते. पहिल्या चारांत बेंझीन वलयावर शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असतात, ज्याला कॅटेकॉल म्हणतात. सेरोटोनिनमध्ये इंडोल वलय असते आणि त्यावर एकच हायड्रॉक्सिल गट असतो. गॅबामध्ये वलयच नसते, केवळ एका टोकाला अमाइन आणि दुसऱ्या टोकाला कार्बॉक्सिल गट असतो. त्यामुळे गॅबा प्रकाश शोषून घेत नाही, चमकत नाही आणि सहजासहजी ऑक्सिडीकरणही होऊ देत नाही.

आता अ‍ॅरेचे चार घटक निवडावेत, आणि ते निवडताना प्रत्येक घटक रेणूचा वेगळा गुण तपासतो आहे याची खात्री करावी. एकच गुण चार प्रकारे तपासणारे चार घटक म्हणजे प्रत्यक्षात एकच घटक होय.

पहिला घटक म्हणजे रेणूंचा स्वतःचा फ्लुओरेसन्स. कॅटेकॉल असलेले अमाइन २८० नॅनोमीटरला उत्तेजित केल्यास ३२० च्या आसपास चमकतात, तर सेरोटोनिन ३०० च्या आसपास उत्तेजित होऊन ३४० जवळ चमकते. अभिकारक लागत नाही, फक्त अतिनील प्रकाश आरपार जाऊ देणारी प्लेट लागते. दुसरा घटक बोरॉनिक आम्लाचा आहे. फिनाइलबोरॉनिक आम्ल अलिझारिन रेड एस या रंगद्रव्याशी बांधले गेले की रंगद्रव्य चमकू लागते, आणि कॅटेकॉल आल्यावर तो बोरॉनिक आम्लाला आपल्याकडे ओढतो, रंगद्रव्य सुटते आणि चमक घटते. तिसरा घटक क्षपणाची ताकद मोजतो. अ‍ॅसिटेट बफरमध्ये (बफर म्हणजे सामू स्थिर ठेवणारे द्रावण) फेरिक लोह आणि फिनँथ्रोलिन एकत्र ठेवल्यास रेणू फेरिकचे फेरसमध्ये क्षपण करतो आणि ५१० नॅनोमीटरला शोषण देणारे नारिंगी-लाल संयुग तयार होते. येथे फॉस्फेट बफर वापरू नये, कारण फॉस्फेट फेरिक आयनाला धरून ठेवतो. चौथा घटक ऑर्थो-थॅलाल्डिहाइड आणि थायॉल यांचा असून तो फक्त प्राथमिक अमाइनशी अभिक्रिया करून ३४० ला उत्तेजित होणारे आणि ४५० जवळ चमकणारे संयुग देतो.

यंत्राला हात लावण्यापूर्वी अपेक्षित उत्तरे लिहून काढावीत. एपिनेफ्रिनचा अमाइन द्वितीयक असल्याने चौथा घटक त्याला गप्प राहील. गॅबा फक्त चौथ्या घटकात दिसेल. सेरोटोनिन बोरॉनिक आम्लाला जवळजवळ स्पर्श करणार नाही, पण बाकी तिन्ही ठिकाणी दिसेल. डोपामिन, नॉरएपिनेफ्रिन आणि लेव्होडोपा मात्र चारही घटकांना प्रतिसाद देतील. याचा अर्थ खरी परीक्षा या तिघांमध्ये आहे, आणि त्यांना वेगळे करणारी माहिती होय-नाही अशी नसून प्रतिसादाच्या प्रमाणात आणि वेगात आहे. म्हणूनच तिसऱ्या घटकाचे शोषण एकदाच न मोजता २, १० आणि ३० मिनिटांनी मोजावे.

सोने आणि चांदीच्या नॅनोकणांबद्दल नवख्यांना विशेष आकर्षण असते, आणि ते रास्तही आहे. सुमारे १३ नॅनोमीटरच्या सुवर्णकणांचा, ५२० नॅनोमीटरच्या शोषणामुळे दिसणारा लाल रंग कॅटेकॉलने चांदीचे क्षपण केल्यावर पिवळ्याकडे सरकताना पाहणे सुंदर असते. परंतु चांदीचे आयन क्लोराइडबरोबर अवक्षेप देतात आणि सुवर्णकण क्षारांच्या संहतीतल्या किरकोळ बदलानेही एकत्र गोळा होतात. माझ्या मते हा घटक दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवावा.

दुसरी पायरी: मूळ द्रावणे

बहुतेक अपयशांचा उगम येथे असतो, म्हणून या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा.

बाटलीवर ‘नॉरएपिनेफ्रिन’ असे लिहिलेले असले तरी आत बहुधा त्याचा एखादा क्षार असतो, आणि नॉरएपिनेफ्रिन व एपिनेफ्रिन हे दोन्ही बायटार्ट्रेट, म्हणजे टार्टारिक आम्लाच्या क्षाराच्या रूपात सर्रास मिळतात, तर डोपामिन आणि सेरोटोनिन सहसा हायड्रोक्लोराइड असतात. टार्टारिक आम्लात शेजारी-शेजारी हायड्रॉक्सिल गट आहेत. ते बोरॉनिक आम्लाशी बांधले जाते आणि फेरिक लोहालाही धरते. म्हणजे चारपैकी दोन घटक रेणूऐवजी त्याच्या जोडीदाराला उत्तर देऊ लागतात. माझ्या पहिल्या अ‍ॅरेने डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन इतके ठळकपणे वेगळे केले होते की मी कित्येक आठवडे त्या आलेखावर विसंबून पुढचे काम रचले. नुसत्या सोडियम टार्ट्रेटची एक रांग प्लेटवर ठेवली तेव्हा तो ठळकपणा बराचसा टार्ट्रेटचा होता हे कळले. म्हणून सर्व अमाइन हायड्रोक्लोराइड रूपातच घ्यावेत. ते शक्य नसेल तर टार्ट्रेट स्वतंत्र नियंत्रण नमुना म्हणून प्रत्येक प्लेटवर असलाच पाहिजे.

१० मिलिमोलरचे १० मिलिलिटर मूळ द्रावण करण्यासाठी डोपामिन हायड्रोक्लोराइड १८.९६ मिलिग्रॅम, नॉरएपिनेफ्रिन हायड्रोक्लोराइड २०.५६, एपिनेफ्रिन हायड्रोक्लोराइड २१.९७, सेरोटोनिन हायड्रोक्लोराइड २१.२७, लेव्होडोपा १९.७२ आणि गॅबा १०.३१ मिलिग्रॅम लागेल. ही वजने निर्जल क्षारांची आहेत. लेबलवर स्फटिकजलाचा उल्लेख असेल तर रेणुभार पुन्हा मोजावा. पहिले चार १० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवावेत, आणि लेव्होडोपा व गॅबा हे क्षाररूपात नसल्यामुळे २० मिलिमोलर आम्लात, म्हणजे क्लोराइडची संहती सर्वत्र सारखी राहते.

आम्ल कशासाठी? उदासीन किंवा अल्कधर्मी पाण्यात डोपामिनचे हवेतल्या ऑक्सिजनने क्विनोनमध्ये रूपांतर होते, त्यापासून अमिनोक्रोम बनते आणि शेवटी काळपट तपकिरी पॉलिडोपामिन. सामू ८.५ असलेल्या बफरमध्ये डोपामिन ठेवून पृष्ठभागांवर लेप चढवण्याची पद्धत याच अभिक्रियेवर उभी आहे. आपल्याला अडचण होते ती अशी की अमिनोक्रोम ४७५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषते, आणि अलिझारिन रेड एस आपण साधारण ४७० लाच उत्तेजित करतो. त्यामुळे किंचित गुलाबी झालेले द्रावण रंगद्रव्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश अडवते, चमक घटते, आणि ती घट बोरॉनिक आम्लाने कॅटेकॉल धरल्यासारखी दिसते. रंग आलेले द्रावण टाकून द्यावे. द्रावण टिकावे म्हणून त्यात अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल घालण्याचा सल्ला इतरत्र मिळेल, पण आपल्या तिसऱ्या घटकासाठी तो घातक आहे, कारण अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल स्वतःच फेरिकचे झपाट्याने क्षपण करते. मूळ द्रावण त्याच दिवशी करावे, बर्फात आणि अंधारात ठेवावे, आणि बफरमध्ये ते अगदी शेवटी मिसळावे.

तिसरी पायरी: बफर आणि संहती

बोरॉनिक आम्लाच्या घटकासाठी सामू ७.४ चा फॉस्फेट बफर योग्य आहे. या घटकात बोरेट बफर कधीही वापरू नये, कारण बोरेट स्वतः कॅटेकॉलशी बांधला जातो आणि आपल्या बोरॉनिक आम्लाशी स्पर्धा करतो. गंमतीची गोष्ट अशी की ऑर्थो-थॅलाल्डिहाइडच्या घटकात हाच बोरेट बफर, सामू ९.५ च्या आसपास, उत्तम चालतो. तिथे आपण अमाइन मोजत असतो, आणि कॅटेकॉल बोरेटने धरून ठेवल्यामुळे त्या अल्कधर्मी द्रावणातही त्याचे ऑक्सिडीकरण मंदावते. ट्रिस बफर मात्र तिथे टाळावा, कारण ट्रिसला स्वतःचा प्राथमिक अमाइन असतो.

संहती ठरवताना अंदाज न करता हिशेब करावा. सामू ७.४ ला फिनाइलबोरॉनिक आम्लाचा बंधन-स्थिरांक अलिझारिन रेड एस बरोबर सुमारे १३००, कॅटेकॉलबरोबर सुमारे ८३०, फ्रुक्टोजबरोबर १६० आणि ग्लुकोजबरोबर अवघा ४.६ प्रति मोलर असतो. रंगद्रव्य ०.१ मिलिमोलर आणि बोरॉनिक आम्ल १ मिलिमोलर घेतले तर सुमारे ५५ टक्के रंगद्रव्य बांधलेले असते. त्यात ५०० मायक्रोमोलर कॅटेकॉल घातले की हे प्रमाण ५० टक्क्यांवर येते, म्हणजे चमकेत साधारण दहा टक्के घट होते, जी प्लेट रीडरवर नीट मोजता येते. कॅटेकॉल १० मायक्रोमोलर असेल तर मात्र बदल मोजमापाच्या गोंगाटात हरवतो. म्हणून या घटकात १० मिलिमोलर मूळ द्रावणाचे १० मायक्रोलिटर २०० मायक्रोलिटरमध्ये घालून ५०० मायक्रोमोलर संहती ठेवावी, आणि बाकीच्या तीन घटकांसाठी आधी दहापट विरलन करून ५० मायक्रोमोलर.

उरलेल्या तीन घटकांत कमी संहती ठेवण्यालाही कारण आहे. फ्लुओरेसन्स मोजताना द्रावणाचे शोषण ०.१ च्या वर गेले की प्रकाश आतपर्यंत समान पोहोचत नाही आणि संहती व चमक यांचे सरळ नाते मोडते. डोपामिन ५० मायक्रोमोलरला या मर्यादेत राहते. सेरोटोनिन किंचित वर जाऊ शकते, म्हणून त्याचे शोषण त्याच वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) मोजून नोंदवावे. लोहाच्या घटकात फेरिक २०० मायक्रोमोलर आणि फिनँथ्रोलिन १ मिलिमोलर पुरते. ते अंधारात ठेवावे, कारण प्रकाशाने फेरिकचे आपोआप थोडे क्षपण होते.

चौथी पायरी: प्लेट मांडणे

९६ वेलच्या प्लेटमध्ये कडेचे ३६ वेल लवकर सुकतात. ते बफरने भरून ठेवावेत आणि मापन आतल्या ६० वेलमध्येच करावे. एका घटकासाठी एक प्लेट घ्यावी. सहा रेणू आणि (रेणू न घातलेला) कोरा नमुना, प्रत्येकी सहा वेल, मिळून ४२ वेल होतात. उरलेले १८ नियंत्रण नमुन्यांसाठी मिळतात, आणि ती चैन नाही, गरज आहे.

रेणू रांगेने मांडू नयेत. पहिल्या रांगेत डोपामिन, दुसऱ्या रांगेत नॉरएपिनेफ्रिन असे केले की पिपेट करण्यात गेलेला वेळ, तापमानाचा उतार आणि यंत्राच्या वाचनाचा क्रम हे सर्व रेणूशी बांधले जातात, आणि अ‍ॅरे तेही शिकतो. जागा यादृच्छिक अंकांनी ठरवाव्यात आणि नकाशा छापून पिपेटशेजारी ठेवावा. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्यात चुका होतात, म्हणून मूळ द्रावणे आधी एका मदतनीस प्लेटमध्ये त्या नकाशाप्रमाणे भरून मग बहुवाहिनी पिपेटने एकदम हलवावीत. ऑर्थो-थॅलाल्डिहाइडची संयुगे, विशेषतः गॅबाचे, काही मिनिटांत विघटित होऊ लागतात. तेथे अभिकारक घातल्यापासून वाचनापर्यंतचा वेळ प्रत्येक प्लेटला तंतोतंत सारखा असावा.

एकाच कुपीतून भरलेले सहा वेल म्हणजे सहा स्वतंत्र प्रयोग नव्हेत. ते पिपेटचा आणि यंत्राचा गोंगाट दाखवतात, तुमच्या वजनाचा, विरलनाचा आणि त्या दिवसाचा नाही. म्हणून सर्व काही नव्याने वजन करून किमान तीन वेगळ्या दिवशी करावे.

पाचवी पायरी: आकड्यांपासून आकृतिबंधापर्यंत

प्रत्येक वाचनातून त्याच प्लेटवरच्या कोऱ्या नमुन्याची सरासरी वजा करावी, आणि बोरॉनिक आम्लाच्या घटकात कोऱ्याशी गुणोत्तर काढावे. आता प्रत्येक नमुन्यासाठी सात आकडे मिळतात: स्वतःच्या फ्लुओरेसन्सचे दोन, बोरॉनिक आम्लाचा एक, लोहाचे तीन आणि अमाइनचा एक. सर्व स्तंभ एका मोजपट्टीवर आणावेत, नाहीतर सर्वांत मोठे आकडे देणारा घटक बाकीच्यांना झाकून टाकतो.

आधी प्रमुख घटक विश्लेषण करावे, ज्याला पीसीए म्हणतात. त्याला नमुन्यांची नावे माहीत नसतात, त्यामुळे ते माहितीचा नैसर्गिक आकार दाखवते. पहिल्याच आलेखात रंग रेणूनुसार न देता दिवसानुसार द्यावेत. पुंजके दिवसांचे पडत असतील तर पुढे जाण्यात अर्थ नाही, मूळ द्रावणांकडे परतावे. त्यानंतर रेखीय विभेदक विश्लेषण, म्हणजे एलडीए करावे. ते नावे पाहून गट जास्तीत जास्त दूर नेणारी दिशा शोधते, आणि म्हणूनच ते फसवूही शकते. संपूर्ण वर्णपटाच्या तीनशे तरंगलांबी आणि नमुने मात्र छत्तीस अशी स्थिती असेल, तर एलडीए निव्वळ गोंगाटालाही सहा सुबक गटांत विभागून दाखवते. आकडे सातच ठेवण्याचे कारण हेच.

तपासणी करताना एक-एक नमुना बाहेर ठेवण्याची रूढ पद्धत येथे पुरेशी नाही, कारण बाहेर ठेवलेल्या वेलची पाच भावंडे शिकवणीत राहिलेली असतात. एक संपूर्ण दिवस बाहेर ठेवावा, उरलेल्या दोन दिवसांवर शिकवावे आणि मग त्या दिवसाचे नमुने ओळखायला लावावेत. त्यानंतर नमुन्यांची नावे आपसांत गोंधळवून हीच कृती अनेकदा करावी. सहा रेणू असताना योगायोगाने मिळणारे यश सहात एक, म्हणजे सुमारे १७ टक्के असायला हवे. गोंधळवलेल्या नावांवरही यश त्याहून बरेच जास्त येत असेल तर कुठेतरी माहिती गळते आहे, आणि ती गळती सापडेपर्यंत खऱ्या नावांवरचे यश लिहू नये.

संहतीचाही प्रश्न येथेच सोडवावा. कमी संहतीचे डोपामिन आणि जास्त संहतीचे नॉरएपिनेफ्रिन एकमेकांसारखे दिसू शकतात. तीन-चार वेगळ्या संहती घेऊन प्रत्येक नमुन्याच्या सात आकड्यांना त्यांच्या एकूण लांबीने भागावे, म्हणजे आकृतिबंधाचा आकार उरतो आणि तीव्रता बाजूला पडते. रेणूचा आकार संहतीनुसार बदलत असेल तर अ‍ॅरे कोणत्या पल्ल्यात विश्वासार्ह आहे ते तिथेच कळते. शोधमर्यादा प्रत्येक घटकासाठी वेगळी काढावी: कोऱ्या नमुन्यांच्या प्रमाण विचलनाची तिप्पट, भागिले अंशांकन रेषेचा उतार. अ‍ॅरेची ओळखण्याची मर्यादा सहसा यातल्या सर्वांत कमकुवत पण आवश्यक घटकाने ठरते, आणि या अ‍ॅरेत तो बोरॉनिक आम्लाचा आहे.

सहावी पायरी: अनोळखी नमुने

एलडीएच्या शब्दकोशात ‘यांपैकी कोणीही नाही’ हे उत्तर नसते. त्याला नुसते पाणी दिले तरी ते सहापैकी एक नाव सांगते. म्हणून प्रत्येक गटाच्या केंद्रापासूनचे अंतर, त्या गटाचा स्वतःचा पसारा लक्षात घेऊन मोजावे, आणि त्या अंतराला मर्यादा घालावी. मर्यादा ठरवण्यासाठी शिकवणीत नसलेले रेणू लागतात: हिस्टामिन, युरिक आम्ल, अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, ग्लुकोज. यांतले अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण मेंदूच्या बाह्यपेशीय द्रवात ते शेकडो मायक्रोमोलर असते तर डोपामिन नॅनोमोलर पातळीवर, आणि रक्तद्रवातही युरिक आम्ल काही शे मायक्रोमोलर आढळते. या आकड्यांवरून स्पष्ट व्हावे की वर सांगितलेला अ‍ॅरे रक्तावर किंवा मूत्रावर थेट चालवण्यासाठी नाही.

जैविक नमुन्याकडे जायचे असेल तर मधली पायरी शुद्धीकरणाची आहे. कॅटेकॉल सामू ८.६ ला अ‍ॅल्युमिनावर चिकटतात आणि धुतल्यानंतर सौम्य आम्लाने सुटतात. ही जुनी, विश्वासाची पद्धत आहे. तिच्यात सेरोटोनिन आणि गॅबा मागे राहतात हे विसरू नये, म्हणजेच शुद्धीकरणानंतर अ‍ॅरेपुढचा प्रश्न सहा रेणूंवरून चारवर येतो आणि शिकवणी त्या चारांवर नव्याने करावी लागते. ती शिकवणीही बफरमधल्या द्रावणांवर न करता, न्यूरोट्रान्समीटर मोजूनमापून घातलेल्या आणि त्याच अ‍ॅल्युमिनातून गेलेल्या नमुन्यांवर करावी. या नमुन्यांची नावे सहकाऱ्याने बंद पाकिटात ठेवावीत, त्यांत एखादे फक्त अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाचे आणि एखादे फक्त टार्ट्रेटचे असावे, आणि अ‍ॅरेची सर्व उत्तरे वहीत शाईने लिहून झाल्यावरच पाकीट उघडावे.